नऊ टक्के व्हॅनेडियम

खंडेनवमीला आमच्या अहेरीच्या घरी पाटावर बसणारी मंडळी वर्षानुवर्षं ठरलेली आहेत. दोन विळे, एक कोयता, दांडा हलणारी कुऱ्हाड, स्वयंपाकघरातली विळी, आजोबांचा अडकित्ता आणि माझं शाईचं पेन. लेखणीलाही शस्त्र मानायचा आमच्याकडे प्रघात आहे. तिनं आजवर कुणाला साधं खरचटलेलंही नाही, तरी दरवर्षी तिला कुंकू लागतं.

यंदा पाटावर एक पाहुणा आला. भाचेबुवा हिंजवडीहून सुटीला आले होते. त्यांनी बॅगेतून एक काळी डबी काढली, डबीतून मखमली पिशवी, पिशवीतून मेणकागद आणि मेणकागदातून चाकू. मिटणारा. पात्यावर बारीक अक्षरांत नंबर होता: सहाशेपैकी चारशे सतरावा.

मी कुंकवाचं बोट पुढं केलं तसा तो ओरडला, "मामा, चाकूला नको! डबीला लावा."

"का रे?"

"मिंट कंडिशन आहे."

आमच्या घरात मिंट म्हणजे पुदिना. बहीण म्हणाली, पुदिना कापलास की काय त्यानं? तो म्हणाला, यानं काही कापायचं नसतं आई. तिनं किंमत विचारली. बेचाळीस हजार, कस्टम धरून. तिच्या हातातलं निरांजन थोडं हललं, एवढंच सांगतो.

मग पुरणपोळी गार होईपर्यंत आमचं शिक्षण झालं. त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून इथं देतो. पोलाद म्हणजे लोखंड अधिक कार्बन. कार्बन वाढला की कडकपणा वाढतो. क्रोमियम घातलं की गंज आटोक्यात येतो. व्हॅनेडियम घातलं की त्याचे कार्बनशी संयोग होऊन अतिशय कठीण कण तयार होतात आणि धार टिकते. बाजारातल्या स्वस्त चिनी चाकवांत ८-सीआर-१३-एमओव्ही नावाचं पोलाद असतं, त्यात १३ टक्के क्रोमियम. त्याच्या वरच्या पायरीवर डी-टू. त्यात १२ टक्के क्रोमियम असूनही आपल्या पावसाळ्यात ते गंजतं, कारण भरपूर कार्बन त्यातलं बरंच क्रोमियम आपल्या मिठीत घेऊन बसतो आणि गंजाशी लढायला थोडंच मोकळं राहतं. २००१ मध्ये अमेरिकेच्या क्रुसिबल कंपनीनं मुद्दाम चाकवांसाठी एस-३०-व्ही काढलं. २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानं मॅग्नाकट आणलं. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्याही आत आहे, पण ते कणांत अडकत नाही, सगळं गंजाविरुद्ध कामाला लागतं. भाचेबुवांचा चाकू एस-९०-व्हीचा. कार्बन २.३, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ९ टक्के. वितळलेलं पोलाद वायूच्या झोतानं उडवून त्याची पावडर करायची आणि ती पावडर उष्णतेनं आणि दाबानं पुन्हा घट्ट करायची, अशी त्याची कुळकथा.

"नऊ टक्के, मामा! नऊ!" तो म्हणाला. बँकेत आमच्या ठेवीला एवढं मिळालं असतं तर मीही असाच ओरडलो असतो.

त्याच्या लॅपटॉपवर एक तक्ता होता. सोळा चाकू त्याच्या मालकीचे, एकतीस घ्यायचे. प्रत्येकापुढं पोलाद, कडकपणाचा रॉकवेल आकडा, पात्याची जाडी, मुठीचा धातू, एकूण किती नग निघाले, मूळ किंमत, आजची किंमत. एका चाकवाचं नाव सेबेन्झा. झुलू भाषेत सेबेन्झा म्हणजे काम. चारशे डॉलरच्या वरची वस्तू, नाव काम, आणि ती घेणारे बरेचसे लोक तिला काम लावत नाहीत. झुलूंना हे कुणी कळवलं आहे का, ठाऊक नाही.

मी त्या तक्त्यात एक रकाना वाढवायला लावला: वर्षभरात काय कापलं? त्याला आठवत होतं ते असं. एक सफरचंद, शर्टाचा एक दोरा, आणि कुरियरची चौदा खोकी. बेचाळीस हजारांना चौदानं भागलं तर खोक्यामागे तीन हजार पडतात. खोक्यांत काय होतं विचारलं. बहुतेकांत चाकू होते. म्हणजे चाकवांची खोकी उघडायला चाकू, आणि त्या चाकवांनी पुढच्या चाकवांची खोकी. असं स्वयंपूर्ण खेडं गांधीजींनाही सुचलं नव्हतं.

कायद्याचीही अडचण नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रांत धरलंय, घरकाम-शेतीकामाची हत्यारं वगळून. भाच्याचं पातं साडेतीन इंचांचं. ते कायद्यात बसत नाही आणि शेतीकामातही बसत नाही.

पण तो एक वाक्य बोलून गेला आणि माझी पुरणपोळी घशात अडकली. म्हणाला, "आपल्याकडे हे पोलाद-बिलाद काही नव्हतंच ना मामा."

बाबा रे, तुझ्या त्या कंपनीचं नाव क्रुसिबल. क्रुसिबल म्हणजे मूस. आता आमच्या घराच्या मागे चालत जा, प्राणहिता लागेल. ती ओलांडून तेलंगणात शिर आणि गोदावरीच्या कडेनं वरच्या अंगाला जा. दीड-दोनशे किलोमीटरच्या टापूत निर्मळ आहे, त्याच बाजूला निजामाबादकडे कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. त्या गावात मातीच्या मुशीत पोलाद शिजायचं. जगानं त्याला वूट्झ म्हटलं, आणि त्याच्या तलवारी पुढं दमास्कसच्या नावानं मिरवल्या. भरपूर कार्बनचं पोलाद, पात्यावर पाण्यासारखी लाटांची नक्षी. आजच्या धातुशास्त्रज्ञांनी जुनी पाती तपासली तेव्हा त्यांना त्या नक्षीमागे काय सापडलं? खनिजातून आपोआप आलेला व्हॅनेडियमचा अंश. नऊ टक्के नव्हे, नुसता वास. तेवढ्यावर इराण खूश होता.

ही ऐकीव गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉयसी नावाचा डॉक्टर-भूवैज्ञानिक तिथं जाऊन आला. हा कर्नल लॅम्बटनच्या मोजणीपथकातला माणूस, तोच लॅम्बटन ज्याची कबर आपल्या हिंगणघाटला आहे आणि जिच्याकडे जायचा रस्ता हिंगणघाटच्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. वॉयसीचं टिपण तो वारल्यानंतर १८३२ मध्ये छापून आलं. त्यात इस्फहानचा एक व्यापारी भेटतो. तो पोलाद घ्यायला इराणहून स्वतः आला होता. मुशीत जाणाऱ्या लोखंडाच्या वजनावरही त्याचं लक्ष असे. आणि त्या इराणी लोकांनी कबूल केलं की हेच पोलाद इराणात करून पाहिलं, जमलं नाही.

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी इस्फहानचा माणूस आपल्या शेजारच्या टापूत यायचा आणि मर्यादित नगांची खरेदी करायचा. आता आपला भाचा अमेरिकेच्या मुशीतलं पोलाद मागवतो. त्यात त्या अमेरिकन मुशीनंही २०२४ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. भाच्याला त्याचं दुःख झालं का? छे. तो म्हणाला, आता जुन्या कंपनीचं पोलाद म्हणून भाव चढेल. आपल्याकडच्या भट्ट्या विझल्या तेव्हा असं म्हणायला एकही भाचा नव्हता. विलायती स्वस्त लोखंड आलं, राखीव जंगलात कोळसा पाडायला बंदी आली आणि भाते थांबले. भाव कशाचाच चढला नाही.

लोखंडाच्या बाबतीत आमच्या मुलखाचं नशीब जरा वाकडंच आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला उत्तम खनिज आहे, वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, असं त्यात होतं. टाटांच्या डोक्यात पोलाद शिरलं ते इथल्या डोंगरावरून. पण वरोऱ्याचा कोळसा कामाचा निघाला नाही, खाणीच्या सरकारी अटी जाचक होत्या, आणि अखेर १९०७ साली काढलेल्या कंपनीचा कारखाना दूर साकचीला गेला. कोळसा जरा बरा निघता तर जमशेदपूर चंद्रपूरच्या शेजारी असतं आणि मुंबईच्या लोकांनी दोन्ही नावांत घोळ घातला असता.

आता सुरजागड. एटापल्ली तालुक्यातला डोंगर, माडियांच्या ठाकूरदेवाचं ठिकाण, जानेवारीत जत्रा भरते. खाणपट्टा दिला २००७ मध्ये, उत्खनन सुरू झालं २०१६ मध्ये, त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षल्यांनी तिथल्या वाहनांची होळी केली, आणि २०२१ पासून पुन्हा डोंगर ट्रकमध्ये भरला जाऊ लागला. आमच्या आलापल्लीच्या रस्त्यानं तो लाल धुरळा होऊन जात असतो. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी भगवं होतं. राजकारणासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. कोनसरीला कारखाना आला आहे, रोजगाराच्या गोष्टी चालतात, त्यावर लिहायला दुसरा आठवडा आहे. आज विषय पात्याचा.

तर पातं. एवढ्या लोखंडातलं आमच्या वाट्याला किती येतं? येतं, आणि फार गमतीनं येतं. जड गाड्यांनी रस्त्यात खड्डे होतात. खड्ड्यांत जड गाड्यांचे कमानपाटे तुटतात. तुटलेले पाटे भंगारात जातात, भंगारातून आठवडी बाजारातल्या लोहाराकडे, आणि लोहाराकडून विळा होऊन आमच्या धानाच्या बांधीत. कमानपाट्याचं पोलाद साधं असतं, अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन, पण वाकून पुन्हा सरळ होणं हा त्याचा जन्माचा धंदा. विळ्याला, कोयत्याला याहून चांगलं दुसरं काय पाहिजे? रस्ता जितका वाईट तितका लोहाराचा कच्चा माल मुबलक. स्थानिकांना खनिजाचा लाभ मिळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा पुरवठा हिशेबात धरलेला दिसत नाही.

आता कबुलीजबाब. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा मित्रांबरोबर आलापल्लीचं वनवैभव बघायला गेला होता. परसात दोडक्याच्या वेलाला मांडव घालायचा होता. बांबू तिथं, चाकू कपाटात, आणि घरात मी एकटा. पुढचं सांगायला नको.

शेफिल्डला चाकवांची धार मोजायची एक संस्था आहे. तिचं यंत्र पातं पुढं-मागं हलवून जाड कागदाची चळत कापत जातं आणि किती कागद कापले ते मोजतं. पातं लवकर झिजावं म्हणून त्या कागदात वाळू, म्हणजे सिलिका, मुद्दाम घातलेली असते. बांबूत सिलिका देवानंच घालून ठेवली आहे. तेव्हा शेफिल्डचं यंत्र आमच्या परसात कुंपणाला उगवतं, असं म्हणायला हरकत नाही.

न्यायानं सांगतो, चाकू अप्रतिम चालला. मी एका हाताला विळा ठेवला, एका हाताला बेचाळीस हजार. कोवळ्या फांद्या छाटताना विळ्याची धार विसाव्या-पंचविसाव्या घावाला दमली, मागं दुमडली. दगडावर चार हात फिरवले, पुन्हा ताजी. चाकू मात्र दमायला तयार नाही. चाळीस झाले, पन्नास झाले. आधी मी नऊ टक्क्यांची चेष्टा केली होती, ती मनातल्या मनात मागे घेतली. मग एका जून पेराशी पातं थोडं अडकलं, आणि मी विळ्याला देतो तशी त्याला मुरड दिली. टिक् असा आवाज आला. फार बारीक. मोहरीचा दाणा बसेल एवढा दात धारेतून उडाला.

दोष पोलादाचा नाही, माझा आहे. इतकं कडक पोलाद पिळायचं नसतं. मऊ धार दुमडते, कडक धार तुटते. आणि दोन्ही गुण एकत्र पाहिजेत म्हणून तर धातुशास्त्रज्ञ म्हातारे होतात. पण हे ज्ञान मला टिक् नंतर झालं.

भाच्यानं रडारड केली नाही. पांढरा पडला फक्त. लॅपटॉप उघडून आजच्या किमतीच्या रकान्यातला आकडा त्यानं निम्मा केला. मी म्हटलं, चल, बाजारात लोहाराकडून धार लावून आणू.

आमचा लोहार बाजाराच्या टोकाला कडुनिंबाखाली बसतो. गिऱ्हाईक मराठी असेल तर विळा, तेलुगू असेल तर कत्ती, माडिया असेल तर बोटानं दाखवतो. त्याच्या भट्टीत एक कमानपाटा नारिंगी होत होता. त्यानं चाकू हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मिटण्याची करामत त्याला फार आवडली. मग पातं दगडावर घासलं. घासलं, आणि घासतच राहिला. दगडावर ओरखडा उठला, पात्यावर काही नाही.

"याले आपला दगड नाही लागत जी," तो म्हणाला.

बरोबरच होतं. व्हॅनेडियमचे ते कण साध्या दगडाहून कठीण असतात. त्याला हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते, आणि ती पुण्याला भाच्याच्या टेबलावर होती. लोहाराच्या दगडानं अर्ध्या तालुक्याला धार दिली, तो या साडेतीन इंचांपुढं हरला. पण त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं काही दिसेना. त्यानं विचारलं, "पाणी कोनं पाजलं याले?"

इथं मला थांबायलाच हवं. भाच्याच्या तक्त्यात एवढे रकाने होते, हा नव्हता. पोलादाचं नाव होतं, पाणी पाजणाऱ्याचं नव्हतं. तापवून, विझवून, पुन्हा हलकं तापवून पात्याला कडकपणा नि चिवटपणा यांचा मेळ घालून देणं, म्हणजे पाणी देणं. हे बिघडलं तर नऊ टक्के असो नाहीतर एकोणीस, पातं वाया. नीट जमलं तर साधं पोलादही उत्तम चालतं, त्यात पातं पातळ घासलेलं असेल तर विचारूच नका. फ्रान्सच्या साव्हॉयमधला ओपिनेल चाकू १८९० पासून याच हिशेबावर विकला जातो: साधं कार्बनचं किंवा साधं स्टेनलेस पातळ पातं, लाकडी मूठ, बस. (आपल्या पावसात ती मूठ फुगते आणि पातं उघडता उघडेनासं होतं, हेही सांगून ठेवतो.) मराठीला हे कधीच कळलं होतं, म्हणून आपण फास पाजवतो, कुऱ्हाड पाजवतो, माणूस बघताना त्याचं पाणी जोखतो. पोलादाचा ब्रँड कुणी जोखल्याचं ऐकलं नाही.

आणि बेचाळीस हजारांत पोलाद तरी किती? पात्याचं वजन पन्नास ग्रॅमच्या घरात. महागातली महाग पावडर धरा, धातूचा वाटा किमतीत चिमूटभर. बाकी घासणावळ, कारण हे पोलाद घासताना पट्टेही झिजतात, मुठीचं टायटेनियम, कस्टम, आणि सगळ्यात जड ऐवज म्हणजे तो सहाशेचा आकडा. सहाशेच का काढले? सातशे काढले असते तर लोकांनी घाई केली नसती.

हे लोहाराला सांगितलं. त्याला सहाशेचं काही विशेष वाटलं नाही. त्याचा प्रत्येक विळा एकुलता एक असतो. मागचा आठव्या पाट्याचा, हा नवव्या पाट्याचा, वाक थोडा वेगळा, वजन थोडं वेगळं. एकशेऐंशी रुपये, धार लावायचे वीस वेगळे. बिघडला तर पुढच्या बाजारी हाच माणूस याच झाडाखाली. अशी हमी त्या मखमली डबीतल्या कागदावरही छापलेली नव्हती.

भाचा बराच वेळ घणाखाली चपटा होत जाणारा पाटा बघत बसला. ठिणग्या उडाल्या, रंग उतरला, लोहारानं पातं तेलात बुडवलं, फस्स झालं. मग पोराच्या डोळ्यांत मला ती ओळखीची चमक दिसली आणि पोटात गोळा आला.

"काका, यावर एक नंबर टाकून द्याल?"

"कोनता टाकू?"

"शून्य शून्य शून्य एक."

लोहारानं माझ्याकडे बघितलं. मी कडुनिंबाकडे बघितलं. त्यानं छिन्नी घेतली आणि चार घाव घातले. शून्य त्याला नीट जमेना, ते चौकोनी आले. भाच्याला चौकोनी शून्य फारच आवडले. त्यानं एकशेऐंशीच्या जागी पाचशे काढून दिले, विळा मेणकागदात गुंडाळला आणि रात्रीच्या गाडीनं घेऊन गेला. हिंजवडीत तो आता भिंतीवर काचेच्या पेटीत आहे. फोटो आला होता. खाली पाटी आहे: सुरजागड हेमॅटाइट. तो पाटा कुठल्या खाणीतून, कुठल्या कारखान्यातून आला होता ते ट्रकलाही माहीत नव्हतं, पण असो.

परवाच्या बाजारात धानकापणीची गर्दी होती. लोहारानं विळ्यांचे दोन ढीग लावले होते. मोठा ढीग एकशेऐंशीचा. शेजारी फडक्यावर ठेवलेले तीन विळे, त्यांच्या पात्यांवर चौकोनी शून्यं आणि पुढं दोन, तीन, चार.

"हे कितीले?" मी विचारलं.

"पाचशे जी."

"धार जास्त आहे का याले?"

"नाही जी. धार सारखीच हाय. नंबराचे पैसे."

मोठा ढीग दुपारीच संपला. ऊन कलल्यावर त्यानं फडक्यावरच्या दोन नंबरच्या विळ्यावर कानस घेतली, नंबर घासून काढला आणि एका म्हाताऱ्या बाईला तो एकशेऐंशीला दिला. तीन आणि चार पिशवीत टाकले.

"भाचा येते का जी दिवाळीले?" त्यानं विचारलं.